भाताचा मक्ता : व्हिएतनामी कागदपत्रांच्या उजेडात

12 डिसेंबर 1968 रोजी हनोईतील सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय सचिवालयाने 224 क्रमांकाचे एक परिपत्रक काढले. सहकारी शेतीतील ‘तीन मक्त्यां’चे काम सुधारावे आणि कुटुंबांना शेत मक्त्याने देण्याची चूक निर्धाराने दुरुस्त करावी, असा त्याचा विषय. व्हिएतनामच्या भातशेतीचा इतिहास लिहिणाऱ्याला हा कागद फार उपयोगी पडतो. एखादा हुकूम ‘निर्धाराने’ काढावा लागतो, तेव्हा ज्याला बंदी घालायची ती गोष्ट सर्रास चाललेली असते, एवढे तरी त्यावरून धरून चालता येते.

काय चालले होते, हे त्याच्या दोन वर्षे आधीच्या दस्तऐवजात सापडते. उत्तर व्हिएतनाममध्ये 1960 पर्यंत 85 टक्क्यांहून अधिक शेतकरी कुटुंबे सहकारी संस्थांत आली होती. खाचरे संस्थेची, रेडे संस्थेचे, काम तुकडीचे. संस्था तुकडीशी तीन गोष्टींचा मक्ता करी : उत्पादन किती, श्रमदिवस किती, खर्च किती. माणसाच्या नावावर जमा होत ते कामाचे गुण. हंगाम संपला, सरकारची वसुली आणि संस्थेचा खर्च वजा झाला की उरलेले भात एकूण गुणांनी भागायचे. एका गुणाला किती भात पडेल हे तेव्हा कळायचे. लावणी दाट केली काय, विरळ केली काय, गुण तेवढेच. शिवाय हजेरीपटावर गुण वाढले आणि पीक तेवढेच राहिले, तर प्रत्येक गुणाचे मोल उतरायचे. दुसरीकडे, घरच्या वापरासाठी कुटुंबाकडे राहिलेल्या सुमारे पाच टक्के जमिनीत तीच माणसे जीव ओतून राबत होती.

व्हिन्ह फुक प्रांताच्या पक्ष समितीने 10 सप्टेंबर 1966 रोजी ठराव क्रमांक 68 केला. सचिव होते किम न्गोक. ठरावाचे शीर्षक साधे, सहकारी संस्थांतील श्रमव्यवस्थापनाविषयीचे. आत मात्र काम गटाला, मजुराला किंवा कुटुंबाला लांब मुदतीच्या मक्त्याने देण्याची मोकळीक होती. अमेरिकी बॉम्बहल्ले सुरू होते, तरणी माणसे आघाडीवर जात होती आणि मागे राहिलेल्यांकडून भात पिकवून घ्यायचे होते. जमीन खासगी करावी असे ठरावात कुठेही म्हटलेले नाही. संस्था कायम, वसुली कायम. फक्त कामाची जबाबदारी आणि वाढीव पिकाचा लाभ कुटुंबापाशी आला.

पक्षाला नेमके हेच खुपले. नोव्हेंबर 1968 मध्ये पॉलिटब्यूरोचे सदस्य त्रुओंग चिन्ह यांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली आणि पाठोपाठ ते डिसेंबरचे परिपत्रक आले. किम न्गोक यांना चुकीची कबुली द्यावी लागली. 1979 मध्ये ते वारले. 2009 मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर हो ची मिन्ह पदक दिले. आज त्यांच्याविषयीचे बरेचसे लिखाण या गौरवाच्या सुरात आहे. म्हणून त्यांची बाजू तपासताना 1966 चा ठराव आणि 1968 चे परिपत्रक हे त्या काळातले कागद अधिक भरवशाचे.

1968 च्या परिपत्रकानंतरची काही वर्षे कागदावर फारसे उमटत नाही. हायफाँगजवळच्या दोआन शा गावात 1977 च्या सुमारास कुटुंबांना जमीन मक्त्याने देण्याचे ठरले, पण ते तोंडी. कागद मागे राहिला तर तो पुरावा ठरेल, हे गावच्या पुढाऱ्यांना पक्के ठाऊक होते. जून 1980 मध्ये हायफाँग शहराच्या पक्ष समितीने ठराव करून या चोरट्या मक्त्याला मान्यता दिली आणि 13 जानेवारी 1981 रोजी केंद्राचा निर्देश क्रमांक 100 निघाला.

निर्देश 100 ने कामांची वाटणी केली. नांगरणी-चिखलणी, पाणी, बियाणे, खत आणि कीडनियंत्रण ही पाच कामे संस्थेकडे. लावणी, निगा आणि कापणी ही तीन कुटुंबाकडे. शीर्षकात मक्ता ‘श्रमगट आणि श्रमिक’ यांच्याशी जोडलेला आहे. कुटुंबाचे नाव तिथे टाळले आहे. ठरल्यापेक्षा जास्त पिकलेले भात मक्तेदाराचे, ही अट होती, आणि आरंभी तिचा परिणामही दिसला. पुढे ठरीव उत्पादनाचा आकडा चढत गेला, संस्थेकडून खत-पाणी वेळेवर येईना आणि परवडत नाही म्हणून काही शेतकरी जमीन परत करू लागले. 1985 मध्ये भाताचे उत्पादन सुमारे 159 लाख टन होते, 1987 मध्ये ते 151 लाख टनांवर आले. 1988 च्या वसंतात उत्तरेकडच्या प्रांतांत उपासमार होती.

त्याच वर्षी 5 एप्रिलला पॉलिटब्यूरोने ठराव क्रमांक 10 मंजूर केला. कुटुंब हे आर्थिकदृष्ट्या स्वायत्त घटक ठरले, जमीन 15 वर्षांसाठी मिळाली आणि मक्त्याच्या उत्पादनातील सुमारे 40 टक्के वाटा कुटुंबाच्या हाती राहील अशी तजवीज झाली. 1989 मध्ये भात 190 लाख टन पिकले आणि जो देश काल तांदूळ आयात करत होता, त्याने सुमारे 14 लाख टन निर्यात केली.

ठराव झाला आणि वर्षभरात निर्यात सुरू झाली, अशी सरळ रेघ ओढण्याचा मोह इथे होतो. ती रेघ नकाशावर टिकत नाही. मक्त्याची सगळी झुंज उत्तरेतली, लाल नदीच्या खोऱ्यातली. निर्यातीचा तांदूळ मुख्यतः दक्षिणेतल्या मेकाँग खोऱ्यातला. तिथे सामुदायिक शेती कधी नीट रुजलीच नव्हती. तिथल्या वाढीमागे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या लवकर तयार होणाऱ्या जाती होत्या, दोंग थाप मुओईसारख्या पाणथळ भागात खोदलेले कालवे होते आणि सक्तीची खरेदी जाऊन आलेला बाजारभाव होता. ठराव 10 ने कुटुंबाला हक्क दिला. पण 1989 ची निर्यात एकट्या त्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

शेवटचे दोन कागद या मालिकेत क्वचितच ठेवले जातात. जुलै 1993 च्या जमीन कायद्याने भाताच्या जमिनीचा वापरहक्क 20 वर्षांसाठी दिला; अदलाबदल, हस्तांतर, भाडेपट्टा, वारसा आणि गहाण हे पाचही हक्क दिले. मालकी मात्र साऱ्या जनतेची, म्हणजे व्यवहारात सरकारची राहिली. डिसेंबर 2009 च्या अन्नसुरक्षेच्या ठरावाने 38 लाख हेक्टर जमीन भातासाठीच राखण्याचे लक्ष्य ठेवले.

सगळे कागद तारीखवार लावले की प्रत्येकात एक सोडलेली गोष्ट दिसते आणि एक हातात ठेवलेली. 1981 ला तीन कामे सुटली, पाच राहिली. 1988 ला सगळे काम सुटले, पण जमिनीची मुदत सरकारने ठरवली. 1993 ला हक्क सुटले, मालकी राहिली. 2009 नंतर भाताच्या खाचरात कोळंबी सोडावी की फळबाग लावावी, याचा निर्णय आजही सर्वस्वी शेतकऱ्याचा नाही. ठराव 68 चा विजय झाला असे म्हणायचे, तर तो कामाच्या बाबतीत झाला. जमिनीच्या बाबतीत झालेला नाही.