पोथीचे बंधन आणि पुस्तकाचा कणा

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्कळदा एक विनवणी आढळते: तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून या ग्रंथाला जपा. २०१९च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापुरातील घरांत शिरले, तेव्हा त्यातील पाण्याचे भय आम्हांला उमगले. पण पुस्तके वाचवण्यासाठी ती घरी स्कॅन करायची, तर बांधणी आपणच तोडावी लागते.

पोथीवर ही वेळ येत नसे. तिची पाने सुटी, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधलेली. नक्कल करणारा एकेक पान पुढ्यात घेई. मूळ पोथी अभंग राही. एकोणिसाव्या शतकातील शिळाछापाच्या अनेक पोथ्यांनीही ही रीत पाळली. पुढे बांधीव पुस्तक रुळले. जाड पुस्तक स्कॅनरवर सपाट बसत नाही, शिवणीजवळच्या ओळी वाकतात; म्हणून कण्यावर सुरी चालते. एक प्रत मोडते, तेव्हा नक्कल होते.

नक्कल करणे हा आपल्या परंपरेत दोष नव्हे. मात्र लिपिकार पुष्पिकेत बहुधा आपले नाव, स्थळ, शक नोंदवी. आज घरी केलेल्या प्रतींत कित्येकदा आवृत्तीचे पानच गाळलेले असते. मग अभ्यासकाने कोणत्या पाठावर विसंबावे?

म्हणून सुरी उचलण्यापूर्वी १८५०मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात दुसरी प्रत आहे का, हे पाहावे. कापलेली पाने रद्दीत न टाकता पोथीसारखी बांधून ठेवावीत. आणि डिजिटल प्रतीलाही पुष्पिका जोडावी.