मजुरी, मानधन आणि पगार

१९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की लोकांना मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी आठवते. रस्त्यांसाठी खडी कोणी फोडली, ते मात्र कुणी सांगत नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यात बायाबापड्या ढिगानं होत्या. माझी आई त्यातलीच एक. पोर झोळीत, हातात हातोडी, खडीचं माप ब्रासवर, हजेरीपटावर अंगठा. जे मिळायचं ती मजुरी. काम संपलं की संबंध संपला.

गंमत बघा, त्याच १९७२ साली देशात ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. पाच वर्षं सलग नोकरी केली तर निवृत्त होताना दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. खडी फोडणाऱ्या बाईला त्याचा पत्ता असायचं कारणच नव्हतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव अंगणवाड्या आल्या. आई मदतनीस म्हणून लागली. घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. गाव म्हणायचं, बाई सरकारी नोकरीला लागली. पण कागदावर शब्द होता 'मानधन'. म्हणजे ही सेवा, नोकरी नव्हे. नोकरी नाही तर पगार नाही, आणि पगार नाही तर पेन्शन कुठली? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत.

वयाची ६५ पूर्ण झाली, साडी-नारळ दिला, थोडी एकरकमी रक्कम मिळाली. झाली निवृत्ती!

मग २५ एप्रिल २०२२ ला निकाल आला. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या दाव्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं ठरवलं, की ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं मानधन हे वेतनच आहे. सेविका आणि मदतनीस दोघींनाही तो कायदा लागू. १९७२ चा कायदा या बायांपर्यंत पोचायला ५० वर्षं लागली.

काम तेच, घाम तोच. फरक फक्त त्याला दिलेल्या नावाचा होता. ज्याच्या हातात कागद, तो नाव ठरवतो. मजुरी म्हटलं की बाई उद्या घरी, मानधन म्हटलं की म्हातारपण तिचं तिनं बघायचं.

निकाल लागला म्हणजे पैसे आपोआप घरी येत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून एक करा. तुमच्या गल्लीत, गावात निवृत्त झालेली अंगणवाडीची बाई असेल, तर तिच्या घरी जा. नेमणुकीचा आदेश आणि मानधन जमा झालेलं पासबुक जपून ठेवलंय का, विचारा. अर्ज लिहून द्या. तुम्हाला पहिला घास तिनंच भरवला असेल.