सुक्याबरोबर ओले जळते, पण कोणाच्या खर्चाने?

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण निरपराध्याच्या वाट्याला येणाऱ्या शिक्षेविषयी आहे. उष्णतेच्या हिशेबात मात्र ती वेगळ्या रीतीने वाचावी लागते: ओले जळते ते सुक्याच्या खर्चाने. भारतातील लाकूड-इंधनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या खर्चाचा इतिहास आहे.

आधी हिशेब पाहू. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मे पाणी असते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे १८.५ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे २.४ मेगाज्यूल खर्ची पडतात. म्हणजे निम्मे पाणी असलेल्या एक किलो ओल्या लाकडातून हाती येतात सुमारे ८ मेगाज्यूल. उन्हावाऱ्यात वाळवून पाणी २० टक्क्यांवर आणले, तर किलोमागे १४ मिळतात. यात एक फसगत आहे. वाळलेल्या लाकडाचे वजनही घटते; त्यामुळे त्याच एका ओंडक्याची मिळकत प्रत्यक्षात सुमारे १२ टक्क्यांनीच वाढते. मग ओले लाकूड इतके बदनाम का? कारण पाणी ज्योतीचे तापमान उतरवते. लाकडातून निघालेले वायू पुरते न जळता धूर, काजळी आणि डांबर बनून निघून जातात. खरे नुकसान वाफेत थोडे, धुरात अधिक होते.

हा फरक सरकारी पातळीवर प्रथम जाणवला तो रेल्वेमुळे. १८५३ नंतर लोहमार्ग पसरले; पण दगडी कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या मद्रास इलाख्यात आणि पंजाबात इंजिने मोठ्या प्रमाणावर लाकडावर चालत. इंजिनाला आपले इंधन स्वतःच ओढून न्यावे लागते; लाकडातले पाणी म्हणजे भाडे न देणारा प्रवासी. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. स्लीपर आणि सरपण या रेल्वेच्या दोन्ही गरजा नव्या वनखात्यापुढे होत्या. १८६६ मध्ये लाहोरजवळ छांगा मांगा येथे केवळ इंजिनांच्या जळणासाठी वन लावण्यास आरंभ झाला.

पुढचा टप्पा भद्रावतीचा. म्हैसूर संस्थानाच्या लोखंड कारखान्याने १९२३ मध्ये उत्पादन सुरू केले. कोक करण्याजोगा कोळसा जवळपास नव्हता. शिमोग्याच्या परिसरात जंगल होते. तेव्हा झोतभट्टी लाकडी कोळशावर चालवण्याचे ठरले. लोणाऱ्यांच्या पारंपरिक भट्टीत धूर आकाशात जातो. भद्रावतीत लाकूड बंद पात्रांत तापवून त्या धुरातून मेथिल अल्कोहोल, ॲसिटेट आणि डांबर मिळवले जाई. कोळशाच्या एका किलोत सुमारे ३० मेगाज्यूल असतात, ही त्याची प्रतिष्ठा. पण कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्साच कोळसा होतो. म्हणजे मूळ ऊर्जेतील निम्म्याहून अधिक वाटा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. इंधनाची प्रत वाढते, जंगलाचा खर्चही वाढतो.

१९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. संस्थेत विकसित झालेल्या लाकूड-वायू यंत्रावर १९८८ मध्ये तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी गावात वीज आली. या यंत्राची अट मोठी साधी होती: लाकडाचे लहान, सारखे तुकडे आणि त्यांत थोडेच पाणी. तुकडे ओले असले की आतले तापमान घसरते, डांबराचे विघटन अर्धवट राहते आणि ते इंजिनात जाऊन चिकटते. गावाचा दिवा वाळवणावर अवलंबून होता.

वाळवण आणि कोळसा यांच्या मधली वाट म्हणजे टॉरेफॅक्शन: प्राणवायूच्या अभावी २०० ते ३०० अंश सेल्सिअसला दिलेला शेक. त्यात वजन सुमारे ७० टक्के उरते, ऊर्जा मात्र ९० टक्क्यांच्या आसपास. हेमिसेल्युलोजचे विघटन झाल्याने पदार्थ ठिसूळ होतो, पाणी कमी शोषतो आणि कोळशाच्या चक्कीत दळता येतो. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर ५ टक्के जैव-इंधन जाळावे, असे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आखले. त्याचा रोख मुख्यतः शेतातील अवशेषांवर आहे. तरी शेकलेल्या गोळ्यांचे महत्त्व त्यामुळे वाढले.

या सगळ्या यंत्रांच्या इतिहासात चूल मागे राहिली. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर मोजला, तेव्हा तो प्रश्न विज्ञानाच्या नोंदीत आला. त्याआधी कितीतरी पिढ्या कोकणातली बाई आगोटीपूर्वी सरपण पडवीत रचत होती आणि ओली फाटी चुलीच्या उबेला ठेवत होती. इंधनावरची ही पूर्वप्रक्रियाच होती. फक्त तिचा शोधनिबंध झाला नाही.

बाजारात लाकूड आजही बहुधा वजनावर विकले जाते. तराजूला पाणी आणि लाकूड यांतला भेद कळत नाही. तो कळतो ज्योतीला आणि चुलीपुढे बसणाऱ्या डोळ्यांना. जळणाच्या हिशेबात जोवर वजनाशेजारी ओलाव्याचा रकाना नाही, तोवर ओले सुक्याच्या खर्चाने जळत राहील.