तार वाचली, संवाद तुटला

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बचावाचा इतिहास म्हणून तो क्वचितच वाचला जातो. संदेशवहनाच्या तारांना अतिरिक्त विद्युत्प्रवाहापासून वाचवण्याचे प्रयत्न या दृष्टीने पाहता एक विसंगती आमच्या ध्यानात येते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सौरज्वाला पाहिली. दुसऱ्याच दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्याची नोंद झाली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की, दोन्ही टोकांना जमिनीशी जोडलेल्या लांब तारांतून आगंतुक प्रवाह वाहू लागतो. त्या दिवसांत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तारमास्तरांना धक्के बसले. तेव्हा संरक्षण म्हणजे माणसाचा हात. अमेरिकेतील बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी आपापल्या बॅटऱ्या सोडवल्या आणि केवळ त्या आगंतुक प्रवाहावर सुमारे दोन तास संदेशांची देवाणघेवाण केली.

४ ऑगस्ट १९७२ रोजी पुन्हा तसेच वादळ आले. इलिनॉयमधील प्लेनो आणि आयोवातील कॅस्केड यांच्या दरम्यान 'एटी अँड टी' कंपनीची 'एल-४' ही दूरध्वनी केबल होती. क्षीण होणारे संकेत सबळ करणारी उपकरणे वाटेवर बसवलेली होती आणि त्यांना वीजही त्याच केबलमधून मिळत असे. वादळाने निर्माण केलेला विद्युत्दाब या पुरवठ्यात मिसळला. किलोमीटरमागे सुमारे ६.५ व्होल्ट ही सहनमर्यादा ओलांडली गेली, प्रवाह वाढला आणि संरक्षक मंडलाने पुरवठा तोडला. उपकरणे वाचली, संभाषणे मात्र थांबली.

१८५९ मध्ये पुरवठा तोडल्यामुळे संवाद टिकला. १९७२ मध्ये पुरवठा तुटल्यामुळे तो खंडित झाला. यावरून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. साध्या तारेला दुसऱ्या टोकाचा लोहचुंबक हलवण्यापुरता प्रवाह पुरेसा होता, मग तो कोठूनही येवो. असंख्य संभाषणे एकत्र वाहणाऱ्या केबलला मोजूनमापून दिलेला प्रवाहच हवा होता. मंडलाने केले ते योग्यच होते.

बदलले ते निर्णयाचे स्थान. बोस्टनच्या तारमास्तराने संकट समोर पाहून, पलीकडच्या सहकाऱ्याला विचारून बॅटरी सोडवली. एल-४ चा निर्णय मात्र आराखडा करणाऱ्यांनी आधीच एका आकड्यात लिहून ठेवला होता. काय वाचवायचे आणि त्यासाठी काय गमवायचे, हे त्या आकड्यात दडलेले होते. असे आकडेही ऐतिहासिक संहिता म्हणून वाचले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.