वासोट्याची सहल : निघण्यापूर्वी

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत दर हिवाळ्यात एक बैठक भरते. कॉलेजातली चार-सहा मुले येतात, नकाशा पसरतात आणि म्हणतात, ‘सर, यंदा वासोटा!’ मग दोर किती, डबे किती, रात्रीची कोणती एस.टी. पकडायची, असा खल सुरू होतो. मी मात्र एकच प्रश्न विचारतो : ‘त्या रानात पूर्वी कोण राहत होते?’ मुले म्हणतात, ‘कोणी नाही, घनदाट जंगल आहे ते.’ इथेच गफलत होते.

वासोटा सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. दक्षिणेच्या चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. किल्ल्याला व्याघ्रगड असेही नाव आहे, तेव्हा वाघाचा संबंध काही नवा नव्हे!

रान दाट, वाट अवघड, म्हणूनच जुन्या काळी हा गड कैदी ठेवावयास सोयीचा वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताई तेलिणीने पंतप्रतिनिधींच्या बाजूने तो लढविला. बापू गोखल्यांसारख्या कसलेल्या सेनापतीला तिने कित्येक महिने दाद दिली नाही. लोकांनी त्यावर रचलेले चुटके साताऱ्याकडे अजून ऐकू येतात. पुढे १८१८ च्या एप्रिलात इंग्रज फौज आली. त्या वेळी साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची मंडळी गडावर होती, आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते. समोरचा जुना वासोटा अधिक उंच, हे इंग्रजांनी हेरले, रानातून तोफा त्याच्यावर चढविल्या आणि मारा सुरू केला. मग गड फार टिकला नाही. ताई तेलिणीचे महिने कुठे आणि हे दिवस कुठे! मोहिमेची आखणी म्हणतात ती अशी असते.

आमची आखणी त्या मानाने सोपी. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथे वनखात्याची परवानगी, मग शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासाचा लाँचचा प्रवास आणि पुढे दोन-अडीच तासांची चढण. गडावर मुक्काम करता येत नाही, दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते. पावसाळ्यात रान बंद. एकदा आम्ही बामणोलीस दहा वाजता पोहोचलो, वाटेत चहा-भजी झाली होती ना! नावाड्याने सूर्याकडे बोट दाखविले आणि मान हलविली. मुले पाण्याकडे बघत बसली. चूक माझी होती. शिक्षकबंधूंनो, शाळेची सहल न्याल तर आदल्या रात्रीच बामणोली गाठा.

आता त्या पाण्याविषयी. ते कोयना धरणाचे. १९६२ साली पोफळीला वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती वीज मुंबईला आली. गिरण्यांना मिळाली, आमच्या चाळींनाही मिळाली. खोऱ्यातली गावे मात्र पाण्याखाली गेली, माणसे विस्थापित झाली. पुढे अभयारण्यासाठीही काही वस्त्या उठल्या. याच जावळी-पाटणकडची कितीतरी माणसे आधीपासून लालबाग-परळच्या गिरण्यांत राबत होती. म्हणजे मुलगा मुंबईत साच्यावर उभा, आणि त्याच साच्याच्या विजेसाठी गावाकडे बापाचे घर बुडाले, असे किती घरांत घडले असेल! वाघासाठी रान राखावे, याविषयी माझे दुमत नाही. पण ते रान आयते मिळालेले नाही.

लाँच मेट इंदवलीला लागते. हे एका उठलेल्या गावाचे नाव. मुले उतरली की गडाकडे धाव घेतात. मी त्यांना पाच मिनिटे थांबवतो आणि झाडीत शिरून घरांची जोती शोधायला सांगतो. मागच्या खेपेस एका मुलाला जोते सापडले. तो त्यावर चढला, मग काय वाटले कोण जाणे, खाली उतरून त्याने पायांतले बूट काढले.