आक्षेपाची जागा

एखाद्याचें म्हणणें खोडावयाचें म्हणजे त्याच्याविरुद्ध कांहींतरी बोलावयाचें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पुरावा आणि निष्कर्ष यांना जोडणारा दुवा ज्यानें सैल होतो, तोच खरा आक्षेप. युरोपांतील एका दानपत्राचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

चौथ्या शतकांतील रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें रोम व पश्चिमेकडील प्रांत पोप सिल्व्हेस्टर यास अर्पण केले, असें हें पत्र सांगतें. पोपच्या ऐहिक सत्तेचे समर्थक त्याचा आधार घेत. 1440 सालीं लोरेंझो व्हाला या इटालियन पंडितानें त्यावर घेतलेल्या आक्षेपांपैकीं दोन विशेष मर्मभेदी होते. पत्रांत रोमच्या अधिकाऱ्यांमध्यें ‘क्षत्रप’ येतात. नहपानामुळें आपल्यास परिचित असलेली ही पदवी मूळची इराणी; ती रोमच्या दरबारीं कोठून आली? शिवाय बादशहा जें नगर पुढें वसविणार, त्या कॉन्स्टँटिनोपलची गणना पत्रानें धर्मपीठांत आधींच केलेली!

व्हाला हा नेपल्सच्या गादीसाठीं पोपशीं झगडणाऱ्या आल्फोन्सो राजाचा आश्रित होता, हें खरें. पण त्यानें व्हालाचा हेतु फार तर संशयास्पद ठरेल. पत्रांतला क्षत्रप पुसला जात नाहीं. उलटपक्षीं, पत्र बनावट ठरल्यानें पोपची सत्ता सर्वथा निराधार ठरली, असेंही नव्हे. तिचा एक आधार तेवढा गेला. हें पत्र आठव्या-नवव्या शतकांत रचलेलें असावें, असें आज विद्वान मानतात.

बोलणारा कोणाचा आश्रित, हें विचारणें सोपें. त्याचा पुरावा कोठें तुटतो, हें दाखविणें कठीण. वाद मात्र दुसऱ्यानेंच निकालास लागतो.