बडोद्याचे कलाभवन आणि एक शिष्यवृत्ती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील शिकलेल्या तरुणापुढे मुख्यतः दोनच वाटा असत. एक कचेरीकडे जाणारी आणि दुसरी न्यायालयाकडे. हाताने काम करणारा कारागीर शाळेच्या बाहेर होता आणि शाळेत शिकलेला मनुष्य हाताच्या कामाला कमी लेखीत होता. गिरणीच्या कापडापुढे कोष्ट्यांचे माग थंडावत होते आणि रंगाऱ्यांच्या रांजणांतील रंग सुकून जात होता. अशा वेळी तरुणांच्या हातांना विद्या देणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे ज्या थोड्या दरबारांना वाटले, त्यांत बडोद्याचे स्थान फार वरचे आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. हेच महाराज सयाजीराव गायकवाड. १८८१ साली राज्यकारभाराची संपूर्ण सूत्रे हाती आल्यावर त्यांनी शिक्षणाकडे जितके लक्ष पुरविले, तितके क्वचितच एखाद्या संस्थानिकाने पुरविले असेल. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. परंतु अक्षरओळख झालेल्या तरुणाने पुढे पोट कसे भरावे, हा प्रश्न उरतच होता.

त्याचे उत्तर घेऊन आले बडोदे कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेच्या ज्या घराण्यात ते जन्मले, त्यात सुतारकाम आणि बांधकामाची परंपरा होती. त्यामुळे शास्त्र आणि कारागिरी यांच्यातील दुरावा त्यांनी जवळून पाहिला होता. त्यांची योजना महाराजांनी स्वीकारली आणि १८९० साली बडोद्यात कलाभवन उघडले. चित्रकला, सुतारकाम, विणकाम, रंगकाम व छपाई, यंत्रविद्या असे विषय तेथे शिकविले जाऊ लागले. विशेष म्हणजे हे शिक्षण देशी भाषेतून देण्यावर भर होता. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाला दारातून परत जावे लागू नये, हा त्यामागील हेतू. त्यासाठी शास्त्रीय परिभाषा घडविण्याचे आणि पाठ्यपुस्तके तयार करण्याचे कामही हाती घेण्यात आले.

या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक विशीतला तरुण येऊन चित्रकला व छायाचित्रणाचे तंत्र शिकून गेला. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. तेथे हाताला लागलेले वळण १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’च्या रूपाने पडद्यावर उमटले. पण शिकलेल्या हाताला कामही हवे, भांडवलही हवे. १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिक हा रासायनिक कारखाना उभारला. १९०८ साली महाराजांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. विद्या, उद्योग आणि पेढी यांची अशी सांगड त्या काळात विरळाच होती.

याच दरबाराने आणखी एका तरुणाला हात दिला. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांच्या खटपटीने भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला मुंबईतील महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ साली त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांच्या मुदतीची शिष्यवृत्ती देण्यात आली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, असा करार होता. करार रास्त होता. राज्य तरुणाला घडवील आणि तरुण राज्याची सेवा करील.

१९१७ साली आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. त्यांच्यापाशी पदवी होती, नेमणूक होती, पगार होता. नव्हते ते राहण्यापुरते छप्पर. अस्पृश्य म्हणून हिंदू खानावळीत थारा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव सांगून आश्रय घेतला. सरकारी निवासस्थानासाठी केलेल्या अर्जाचा निकाल लागला नव्हता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. मित्रांच्या घरीही सोय होईना. अखेर गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले. महाराजांनीच प्रजेसाठी तयार करविलेली ती बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. त्या रात्री करारबद्ध तरुण मुंबईस परतला.

या प्रसंगाचा दोष केवळ दरबाराच्या माथी मारणे योग्य होणार नाही. ज्या राज्याने अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, त्याची दानत शंकास्पद नव्हती. उणीव होती ती निराळी. तिजोरीतून शिष्यवृत्ती देता येते, हुकमाने नेमणूक करता येते. शेजारी मात्र हुकमाने मिळत नाही. तरुणाला घडविण्याचे काम राज्य जेथे संपले असे मानते, तेथून समाजाचे काम सुरू होते, आणि समाजाने पाठ फिरविली तर राज्याचे सारे दानही वाया जाण्याची भीती असते.

हा धडा विसरला गेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्धासाठी तंत्रज्ञ तयार करण्याचे शिक्षण त्यांच्याच खात्याकडे होते, आणि सैन्यातून परतणाऱ्यांना काम मिळावे म्हणून १९४५ साली त्याच खात्यामार्फत सेवायोजन कार्यालये उघडू लागली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतर मिळणाऱ्या केंद्रीय शिष्यवृत्त्या १९४४ साली सुरू झाल्या, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. आणि १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने सरकारी नोकरीतील समान संधी व अस्पृश्यतेचे उच्चाटन या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नोंदविल्या.

कलाभवन पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले. बडोद्याच्या प्रवाशाने ती भव्य वास्तू अवश्य पाहावी. परंतु तेथून सयाजीबागेतही जावे. एका ठिकाणी तरुणाला विद्या देण्याचा थोर प्रयत्न दिसतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्या विद्येला जागा नाकारणाऱ्या समाजाची आठवण होते. यांपैकी एकच पाहून परतणाऱ्यास बडोद्याचा इतिहास अर्धाच समजेल.